बैहकीच्या लेखणीतला मसूद

तीस खंडांचा एक इतिहास होता. त्यातल्या पाचव्या खंडाचा उत्तरार्ध ते दहाव्याची काही पाने, एवढेच आज हाती आहे. बाकीचे काळाने गिळले. उरलेल्या मजकुराची सुरुवातही एका पत्राच्या मधूनच होते. 1030 साली गझनीचा सुलतान महमूद वारला. त्याने मरणापूर्वी निवडलेला मुलगा महंमद गादीवर बसला आणि ज्या सरदारांनी त्याला बसवले त्यांनीच काही महिन्यांत तिगीनाबादजवळच्या किल्ल्यात त्याला कैद केले. मग पश्चिमेकडून हेरातला येऊन थांबलेल्या दुसऱ्या मुलाला, मसूदला, त्यांनी पत्र धाडले. उपलब्ध ग्रंथ उघडतो तो या पत्रात. पक्ष बदललेल्या माणसांची ती भाषा आहे: प्रत्येक वाक्य नम्र, प्रत्येक वाक्याला भीतीचा वास. मूळ आरंभ हरवला, हे नुकसानच. पण मसूदच्या कारकिर्दीत शिरायला याहून चांगले दार एखाद्या कसलेल्या कादंबरीकारालाही सुचले नसते.

लेखक अबुल फज़ल बैहकी. अकबराच्या दरबारातल्या अबुल फज़लशी याची गल्लत करू नये. हा त्याच्या पाचशे वर्षे आधीचा. आजच्या इराणमधल्या सब्जवारच्या परिसरात 995 साली जन्मलेला आणि गझनीच्या चिटणिशीत आयुष्य घालवलेला. तिथे बू नस्र मुश्कान या मुख्य चिटणिसाच्या हाताखाली त्याने एकोणीस वर्षे मसुदे घातले, नकला केल्या, खलिते पोहोचवले. रोजच्या नोंदी आणि महत्त्वाच्या पत्रांच्या प्रती तो स्वतःपाशी ठेवी. पुढे तो स्वतः मुख्य चिटणीस झाला, त्या पदावरून पडला, तुरुंगातही गेला. त्या धामधुमीत त्याचे कागद जाणूनबुजून नष्ट केले गेले. ग्रंथात या हानीची सल तो अधूनमधून बोलून दाखवतो. साठी ओलांडल्यावर तो मसूदचा इतिहास लिहायला बसला तेव्हा गझनीच्या गादीवर मसूदचाच मुलगा होता. मुलाच्या राज्यात बसून बापाचे राज्य कसे बुडाले हे लिहायचे, अशी ती अवघड जागा. त्या जागेवरून बैहकी काय काय सांगतो हे पाहण्यासारखे आहेच, पण तो कसा सांगतो यात खरी गोडी आहे. तो फारसे निवाडे करत नाही. कोण उठले, कोण अर्धवट उठले, कोणाला कोणत्या हाताला बसवले, अंगावर काय होते, एवढे लिहितो. निवाडा आपल्या मनात आपोआप तयार होतो.

वारसाहक्काचा झगडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रणांगण येते. बैहकीकडे तो दालनात, बागेत, पडद्याआड चालतो. दरबारात दोन तट पडलेले आहेत, बापाची माणसे आणि मुलाची माणसे. महमूदच्या हाताखाली वाढलेले जुने मुत्सद्दी एका बाजूला, मसूदबरोबर वर आलेले नवे दुसऱ्या बाजूला. या फुटीची मुळे किती मागची होती ते दाखवायला बैहकी एक आडकथा घालतो. मसूद तरुणपणी हेरातला होता तेव्हा त्याने एका बागेत दुपारच्या विश्रांतीसाठी घर बांधले. हौदातले पाणी युक्तीने छतावर चढवून तागाच्या पडद्यांवर सोडलेले, त्यामुळे आत गारवा. आणि छतापासून जमिनीपर्यंत भिंतींवर शृंगाराची चित्रे. ही बातमी हेरांनी गझनीला महमूदकडे पोहोचवली. महमूदने एक स्वार गुप्तपणे रवाना केला: कोणाशी न बोलता थेट त्या घरात जा, कुलूप तोड, भिंती पाहा. पण महमूदच्याच खासगीतला एक सेवक मसूदला मिळालेला होता. त्याचा माणूस आधी पोहोचला. सरकारी स्वार आला तेव्हा भिंती अशा पांढऱ्याशुभ्र होत्या की तिथे कधी चित्र नव्हतेच असे वाटावे.

कथा चटकदार आहे, आणि बैहकी ती चवीने सांगतो. तिची बांधणी मात्र पाहा. बापाचे हेर मुलाच्या घरात, मुलाचे हेर बापाच्या घरात, आणि मधे ताजा चुना फासलेली एक भिंत. गझनीच्या राजघराण्यातल्या नात्यांबद्दल स्वतंत्र परिच्छेद लिहायची गरजच त्याने ठेवलेली नाही.

मसूद गादीवर आल्यावर बापाची माणसे एकेक करून गळू लागतात. ज्याने महंमदाला कैद करून मसूदची वाट मोकळी केली तो मोठा हाजिब, म्हणजे दरबाराचा प्रमुख अधिकारी, अली करीब हेरातला निघतो तेव्हाच त्याला ठाऊक असते की आपण परत येणार नाही, आणि तसे तो बू नस्रजवळ बोलून जातो. तरीही तो जातो. मसूद त्याचे प्रेमाने स्वागत करतो, आणि त्याच भेटीत त्याला व त्याच्या भावाला अटक होते. पुढे मसूदचा चुलता युसुफ पकडला जातो; त्याच्यावर नजर ठेवणारा त्याचाच लाडका गुलाम निघतो. हे प्रसंग बैहकी झरझर सांगतो. या घटनांचा वेग हाच त्यांचा अर्थ, हे तो जाणतो. थांबायचे कुठे तेही त्याला नेमके कळते. तो थांबतो हसनकपाशी.

हसनक हा निशापूरच्या मीकाली घराण्यातला, महमूदचा अखेरचा वजीर. हजहून परतताना वाट बदलून तो फातिमी खलिफाच्या मुलखातून आला आणि त्या खलिफाने दिलेली खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, त्याने स्वीकारली. बगदादचा अब्बासी खलिफा भडकला. हसनक करमती, म्हणजे पाखंडी, ठरला. महमूदने ते मनावर घेतले नाही. ती खिलत बगदादला पाठवली, तिथे ती जाळली गेली, प्रकरण मिटले. पण हसनकने महंमदाचा पक्ष घेतला होता, आणि मसूदच्या एका विश्वासू माणसाला तो एकदा ताडकन बोलून गेला होता की मी धन्याचे हुकूम पाळतो. उद्या तुमचा अमीर तख्तावर आला तर त्याने हसनकला खुशाल सुळी द्यावे. बैहकी हे वाक्य प्रकरणाच्या सुरुवातीलाच ठेवतो आणि लगेच पुढे म्हणतो की मसूद राजा झाला आणि हा माणूस लाकडी घोड्यावर बसला. ही प्रतिमा लक्षात ठेवावी.

प्रकरण उघडताना बैहकी आणखी एक गोष्ट करतो. हसनकचा काळ ठरलेला बू सहल झौझनी तेव्हा मरून काही वर्षे झालेली होती. त्याच्या हातून आपल्यालाही वाईट अनुभव आले हे बैहकी कबूल करतो आणि ते या लेखनात येऊ देणार नाही असे सांगतो. मग बू सहलचे गुण आधी लिहितो: थोर घराण्यातला, विद्वान, साहित्याचा जाणकार. त्यानंतर दोष: स्वभावात दुष्टपणा मुरलेला. या क्रमातच त्याची वाङ्मयीन नीती आहे. बू नस्र मुश्कान वारल्यावर हाच बू सहल मुख्य चिटणीस म्हणून बैहकीच्या डोक्यावर बसला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या तोलाचे मोल कळते. अशा वरिष्ठाबद्दल मेल्यानंतरही पहिले वाक्य गुणांचे लिहायला मनगट शांत असावे लागते.

आता मुख्य दृश्य. ठिकाण बल्ख, साल 1032. हसनकला दिवाणखान्यात आणायचे आहे. त्याची सारी मालमत्ता सुलतानाच्या नावे लिहून घ्यायची आहे. बैहकी बाहेर ओट्यावर इतरांबरोबर वाट पाहत बसलेला. हसनक येतो. बैहकीची नजर त्याच्या पायांत बेड्या नाहीत हे प्रथम टिपते. मग अंगावरचा काळपट निळा, जुना झालेला जुब्बा. त्यावर अगदी स्वच्छ उपरणे. डोक्याला निशापुरी पागोटे, वापरून मऊ पडलेले. पायांत नवे जोडे. केस चापून बसवून पागोट्याखाली घेतलेले, थोडेसेच बाहेर दिसतात. एवढेच. चेहऱ्यावरचे भाव नाहीत, डोळ्यांतले पाणी नाही. पण जुना जुब्बा आणि स्वच्छ उपरणे एकत्र ठेवल्यावर काय उरले? बंदिवासातून आलेला, पण मरणाला सामोरे जाताना स्वतःला नीट आवरून घेणारा एक खानदानी माणूस. सत्तावीस वर्षांनंतर बैहकीला त्याचे केस किती दिसत होते हे आठवते. अशा तपशिलातली माया मोठ्या शोकगीतातही क्वचित सापडते.

दार बंद होते, आणि इथे बैहकीच्या निवेदनातले सर्वात देखणे वळण येते. तो आत नव्हता, म्हणून आतले काही स्वतःचे म्हणून सांगत नाही. आत असलेल्या आपल्या एका मित्राला त्याने नंतर विचारले, आणि पुढचे सगळे त्याच्या तोंडून येते. निवेदकाने स्वतःला घातलेली ही मर्यादा त्या दृश्याला विलक्षण खरेपणा देते. हसनक आत येताच वजीर अहमद बिन हसन मैमंदी उठून उभा राहतो. मैमंदीनेही महमूदच्या काळात हिंदुस्थानातल्या किल्ल्यात कैद भोगलेली, आणि त्या दिवसांत हसनकने त्याला दुखावलेले. तरी तो उठतो. वजीर उठल्यावर मनात असो नसो, सगळ्यांना उठावे लागते. बू सहलही उठतो, पण पुरता नव्हे. अर्धवट उठून पुटपुटत राहतो. वजीर त्याला सुनावतो की तू सगळ्याच बाबतींत अर्धा. हसनकला मानाने बसवले जाते, बू सहलला वजिराच्या डाव्या हाताला जागा मिळते आणि तो आणखी पेटतो.

साऱ्या सत्तांतराचे राजकारण या उठण्याबसण्यात सामावले आहे. बू सहलच्या रागाचे मूळही बैहकीने आधीच सांगून ठेवले आहे: हसनक वजीर असताना बू सहल एकदा पायी त्याच्या दारी गेला आणि चोपदाराने त्याचा अपमान करून त्याला हाकलले. खलिफाचे फर्मान, पाखंडाचा आरोप, राजकीय सोय, सगळे त्या दारावरच्या एका ढकलण्यापाशी येऊन ठेपते. बू सहल शिवी देतो. हसनक शांतपणे आपल्या घराण्याचा आब आठवून देतो, एकेकाळी हाच माणूस आपल्या दारी स्तुतिकवने म्हणत होता हे सांगतो आणि मरण आले तर हुसैनही त्यातून सुटले नाहीत, मी कोण, असे म्हणतो. मग खरेदीखत वाचले जाते. एकेक गाव, एकेक जमीन नाव घेऊन. हसनक प्रत्येकाला मान्यता देतो आणि ठरवून दिलेली नाममात्र किंमत हातात घेतो. मरणाऱ्या माणसाला विक्रीचे पैसे मोजून देणारे हे कायदेशीर सोंग बैहकी कारकुनाच्या काटेकोरपणे नोंदवतो. एक विशेषण जास्त घातले असते तर त्याची धार गेली असती.

फाशीच्या दिवशी सुलतान शिकारीला जातो. ही नोंदही एका ओळीची.

मैदानात हसनकला कपडे उतरवायला सांगतात. तो आधी हात आत घालून विजारीची नाडी आवळतो, पायजम्याचे पाय बांधून घेतो, मगच जुब्बा, सदरा आणि पागोटे काढून फेकतो. वाचताना इथे श्वास अडकतो. प्रेत लटकेल तेव्हा लाज जाऊ नये म्हणून शेवटची जी काळजी घ्यायची, ती तो स्वतःच्या हातांनी घेतो. नंतर तोंड झाकणारे लोखंडी शिरस्त्राण आणतात. ते मुद्दाम लहान आणलेले. डोके आणि चेहरा झाका, दगडांनी बिघडू देऊ नका, बगदादला पाठवायचे आहे, असा आरडाओरडा होतो. मोठे शिरस्त्राण येईपर्यंत हसनक उघड्या अंगाने तसाच उभा. या थांबण्यात बैहकी वेळेला ताणतो. क्रूरता दाखवायला त्याला रक्ताची गरज लागत नाही. एक चुकीच्या मापाची वस्तू पुरते. मग हसनकला ज्या वाहनावर तो कधी बसला नव्हता त्यावर चढवतात. प्रकरणाच्या आरंभीचा लाकडी घोडा इथे परत येतो, आणि त्या उतावळ्या बोलण्याची किंमत वसूल होते. दगड मारा म्हटल्यावर कोणी हात लावत नाही, विशेषतः निशापूरची माणसे ढसाढसा रडतात. शेवटी काही उनाडांना पैसे देऊन दगड मारायला लावतात, पण तोवर दोरीने गळा आवळून तो मेलेला असतो. त्या दिवशी बू नस्र मुश्कान जेवला नाही.

हसनकचे प्रेत सात वर्षे तसेच लटकत राहिले. आईला बातमी दोन-तीन महिने लपवून ठेवली होती. कळल्यावर ती इतर बायकांसारखी ऊर बडवत नाही. रडते, आणि पाहणारेही रडतात. मग ती म्हणते की माझा मुलगा केवढा थोर, महमूदसारख्या राजाने त्याला हे जग दिले आणि मसूदसारख्याने परलोक. या वाक्यात कोणावरही आरोप नाही, आणि तरी मसूदबद्दल इतके कठोर ग्रंथभर कोणी बोललेले नाही. बैहकी ते आईच्या तोंडी ठेवून बाजूला होतो, आणि लगेच अब्दुल्ला बिन झुबैर आणि त्याच्या आईची जुनी कथा सांगायला घेतो. दुःखाचा आवाज वाढवण्याऐवजी तो शेजारी दुसरे दुःख आणून ठेवतो. ही संयत जुळणी मला त्याच्या कलेतली सर्वात परिपक्व वाटते.

हिंदुस्थानच्या वाचकाला या ग्रंथात आणखी एक ओळखीचा चेहरा भेटतो. लाहोरचा सुभेदार अहमद यनालतिगीन बनारस लुटून आला आणि नंतर बंडावर उठला. भर उन्हाळा, पाऊस तोंडावर. इतर सरदार कचरतात तेव्हा पुढे येतो तिलक. न्हाव्याचा मुलगा, काश्मिरात शिकलेला, हिंदवी आणि फारसी दोन्ही लेखणींत तरबेज. बैहकी त्याच्या जन्माचा उल्लेख करतो आणि त्याच वाक्यात त्याची कर्तबगारीही. दोहोंत त्याला विसंगती दिसत नाही.

मसूदला तो खलनायक करत नाही. मसूद शूर आहे, उदार आहे, हट्टी आहे आणि सल्ला नकोसा वाटणारा आहे. एकदा हिरमंद नदीत त्याची नाव बुडता बुडता वाचली आणि नंतर तो तापाने पडला. बैहकी एक पत्र घेऊन आत जातो. खोली अंधारी केलेली, तागाचे ओले पडदे सोडलेले, फांद्या ठेवून त्यांवर बर्फाने भरलेली मोठी पातेली. वाळ्याचे पडदे शिंपून दुपार काढलेल्या आपल्या वाचकाला तो गारवा अंगावर जाणवेल. बैहकीला नेहमी पडद्याबाहेर थांबावे लागे. आज आजारी राजा त्याला जवळून दिसतो, अंगात मऊ सदरा, गळ्यात कापराची माळ, बाजूला वैद्य. आणि लक्षात येते की ओले पडदे आपण आधी पाहिले आहेत, हेरातच्या त्या चित्रांच्या घरात. तिथे तरुण राजपुत्र बापाच्या हेरांपासून लपत होता, इथे सगळे राज्य हाती आलेला माणूस तापाने फणफणतो आहे. बैहकी हे नाते बोलून दाखवत नाही. दोन्ही पाने लक्ष देऊन वाचणाऱ्यालाच ते मिळते.

त्याच आजारपणात मसूद दानासाठी सोन्याच्या दोन थैल्या काढतो, प्रत्येकी हजार मिष्काल. महमूदने हिंदुस्थानातून सोन्याच्या मूर्ती फोडून आणलेले ते सोने, मसूदच्या मते सर्वांत निर्मळ. ते बुस्तच्या काजीला आणि त्याच्या मुलाला पाठवले जाते. दोघे गरीब आहेत. काजी आदराने घेतो आणि आदराने परत करतो. त्या स्वाऱ्या धर्माच्या रीतीने झाल्या की नाही हे मी पाहिलेले नाही, शेवटी हिशेब मला द्यावा लागेल, असे त्याचे म्हणणे. गझनीच्या साम्राज्याचा पाया ज्या सोन्यावर, त्यावर एका गरीब काजीने इतक्या मृदू शब्दांत प्रश्न ठेवावा आणि दरबाराच्या इतिहासकाराने तो जसाच्या तसा नोंदवावा, हे 11व्या शतकातल्या गद्यात वाचताना मन भरून येते.

मग 1040 मधले दंदानकान. मर्वजवळच्या त्या वाळवंटात सेल्जुक तुर्कांशी गाठ पडते तेव्हा मसूदची फौज लढण्याआधीच तहानेने खचलेली आहे. विहिरीवरून भांडणे होतात, राजवाड्यातल्या गुलामांची एक टोळी शत्रूला जाऊन मिळते आणि रांगा फुटतात. मसूद स्वतः मात्र लढतो. बैहकी ते मोकळ्या मनाने लिहितो, कारण ते त्याने जवळून पाहिले. खुरासान गेले. पुढच्या जानेवारीत हिंदुस्थानच्या वाटेवर सिंधूपाशी मसूदच्याच माणसांनी बंड करून, आंधळ्या झालेल्या महंमदाला पुन्हा तख्तावर बसवले, आणि मसूद मारला गेला. ते पान उरलेले नाही.

दंदानकानचे एक पान मात्र दोनदा उरले आहे. पराभवानंतर तुर्कस्तानच्या अर्सलान खानाला खुलासा पाठवायचा होता. मसुदा घातला बैहकीनेच, आणि पुढे तो त्याने इतिहासात समाविष्ट केला. एकदा सरकारी लेखणीने, पाण्याची टंचाई आणि सैन्यातली बेदिली यांवर भार टाकत, राजाची अब्रू सांभाळणारे ते पत्र. आणि त्याच पुस्तकात, त्याच हाताने लिहिलेली, तहानेने जीभ सुकलेल्या फौजेची हकिकत. दोन्ही मजकूर लागोपाठ वाचावेत. कुठला शब्द पत्रात मऊ झाला, कुठली माणसे गाळली गेली, कोणत्या घटनेची जागा बदलली हे बोट ठेवून पाहावे. चिटणिसाला काय लिहावे लागते आणि इतिहासकाराला काय लिहायचे असते, हे बैहकी तिथे आपल्या हस्ताक्षरात शेजारी शेजारी ठेवतो. वर शेरा असा काहीच मारत नाही.